मुखपृष्ठावरची मुलगी
बेळगावच्या खडेबाजारात दत्तोपंत संगीताचं मासिक काढत. तरुण वाचक मिळेनात, म्हणून त्यांनी विधवा मुलीला, कल्याणीला विचारलं, “तुम्हा पोरींना काय आवडेल गं?” “आप्पा, मुखपृष्ठावर म्हाताऱ्या बुवांऐवजी गाणारी मुलगी छापा.” दत्तोपंतांना पटलं, पण फोटोसाठी कुणीच आपली मुलगी पाठवेना. तेव्हा जावई गेल्यापासून माळ्यावर पडलेला कल्याणीचा तंबोरा आईनं उतरवला, पुसला आणि तिच्या हाती दिला. “हिचाच फोटो काढा.” “लोक काय म्हणतील?” दत्तोपंत चाचरले. “म्हणू देत. माझी पोर गाणार.” अंक निघाला. नातेवाइकांनी येणं सोडलं. पण एका सकाळी जवळच्या सांबरा गावच्या दोन मुली अंक घेऊन दारात आल्या. “आक्का, ह्या तुमीच न्हवं? आमालाबी शिकवा की!” कल्याणी धावत आईच्या कुशीत शिरली. “आई, तुझ्यामुळं गं!” आईनं तिचे डोळे पुसले. “पोरी खोळंबल्यात. जा, सूर लाव.”