भडक तांबडा

गालिच्याची गुंडाळी तिने बाहेरच्या दाराशी ठेवली, सुतळी कापली आणि दोन्ही हातांनी ढकलली. गालिचा भराभर उलगडत पॅसेजमधून थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेला.

भडक तांबडा. एका कडेची वीण उसवलेली, म्हणून दुकानदाराने जवळजवळ फुकटात दिलेला. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, पांढरी दारं आणि मधोमध हा. संध्याकाळी नवरा आला की काय म्हणेल, ते तिला तोंडपाठ होतं. घर सगळं पांढरं करायचं, हा त्याचाच हट्ट. पांढऱ्याने लहान जागा मोठी दिसते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आणि दिसायचीही. पण दिवसभर त्या पांढऱ्यात वावरायचं होतं तिला. आज बोलला तर बोलू दे, असं ठरवूनच ती बाजारात गेली होती.

गालिचा सरकू नये म्हणून ती कडा चिकटपट्टीने फरशीला डकवत होती, तेवढ्यात हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला.

"सूनबाई, ते लाल काय आहे?"

तिचा हात जागच्या जागी थांबला.

नजर अधू झाल्यावर मुलाने त्यांना इथे राहायला आणलं होतं. आता दिसेल ते इतपतच, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. आल्या आल्या एकदा दाराच्या चौकटीवर आपटून ते पडले, आणि तेव्हापासून कोणी हाताला धरल्याशिवाय खुर्चीतून उठत नसत. बाथरूमला जायला ऊठसूट हाक मारावी लागू नये म्हणून पाणीसुद्धा घोटभरच पीत. भरलेला पेला तसाच परत जायचा. वय झालं, असं नवरा म्हणायचा. तिला खरं कारण कळत होतं, पण ते त्यांना विचारायचं कसं?

"गालिचा आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतोय?"

"न दिसायला काय झालं? हा असा लांब गेलाय." त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढली. "आणि तिकडे संपतोय. तिथे काय आहे?"

"बाथरूमचं दार."

"अस्सं. तिथे आहे होय ते." "मला इथे सगळं दूध सांडल्यासारखं दिसतं गं. भिंत कुठे संपली नि जमीन कुठे लागली, पत्ताच लागत नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"पोराने हौसेने केलंय सगळं. त्याला काय सांगू, तुझं घर मला दिसत नाही म्हणून?"

ती चिकटपट्टी खाली ठेवून उठली. तोवर त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन स्वतःला उभं केलं होतं. ती धावणार होती, पण तिने पाय आवरले. सासरे हळूच पॅसेजमध्ये आले. एक पाऊल तांबड्यावर टाकून त्यांनी ते जरा दाबून पाहिलं. मग दुसरं टाकलं. मग चालू लागले, भिंतीला हात न लावता. दार उघडलं, आत गेले, आतून कडी लावली.

ती पॅसेजमध्येच उभी. कडी लागल्याचा आवाज इतका गोड असू शकतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पाणी दे जरा. पेला भरून दे."

मग मात्र तिला चेव आला. तिने कपाटं उघडली. हातात येईल ते त्यांच्यासमोर धरायचं आणि विचारायचं, "हे दिसतं?" फिकट गुलाबी दिसेना. लिंबासारखा पिवळाही भिंतीत विरून जाई. गडद निळा मात्र लगेच दिसला. हिरवाही. निळी चादर पांढऱ्या सोफ्यावर गेली. हिरवी ओढणी त्यांच्या खोलीच्या दाराला बांधली गेली. चहाचा पांढरा कप पांढऱ्या टेबलावर ते रोज चाचपडत शोधायचे, तर त्या कपाखाली तिने काळं कापड अंथरलं. आता सासरेही खुर्चीत बसेनात. "पलंगाची कड राहिली," म्हणाले, "तिथे माझा गुडघा रोज मार खातो." पलंगाच्या कडेला जांभळी शाल आली.

दमून दोघं निळ्या सोफ्यावर टेकले.

"घराचा पार बाजार मांडलास," सासरे म्हणाले. "आज बोलणी खाणार तू."

"मी एकटी कशी? दोघं मिळून खाऊ."

ते हसले. त्यांना हसताना ती या घरात पहिल्यांदाच ऐकत होती.

बेल वाजली. ती उठायला गेली तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. मी उघडतो."

ते गेले. कडीसाठी थोडं चाचपडले, मग दार उघडलं. मुलगा दारात होता. समोर वडील बघून त्याने सवयीने त्यांना धरायला हात पुढे केला. मग त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. तांबडा, निळा, हिरवा.

"अरे, हे काय..."

"बूट बाहेर काढ," वडील म्हणाले. "गालिचा नवा आहे."

मुलाचा हात अजून तसाच हवेत होता. वडील केव्हाच वळले होते.

"ये," पुढे चालता चालता ते म्हणाले, "माझ्या मागून ये."