शेवगावचा श्रोता

खऱ्या कलावंताला गर्दी लागत नाही, एक जाणकार श्रोता पुरतो. आदिनाथ हे सगळ्यांना ऐकवायचा, कारण त्याला श्रोता एकच होता.

तो मोबाईलमधल्या ॲपवर दिसायचा. ‘श्रोते: एक. ठिकाण: शेवगाव.’ आदिनाथने नगरच्या आपल्या खोलीत, एकट्याने, कॉम्प्युटरवर केलेलं ‘चंद्रावरचा शेवटचा रोबो’ हे लांबलचक गाणं हा श्रोता रोज सकाळ-संध्याकाळ लावायचा. वर्षभरात खाडा नाही. दिवाळीलासुद्धा नाही. वडिलांनी पतसंस्थेत चिकटवायचं ठरवलं तेव्हा आदिनाथ त्यांना म्हणाला होता, “ऐकणारं एक जरी माणूस असलं, तरी मी गाणीच करणार.”

रोबोचं गाणं जपानी कार्टूनच्या वेडातून आलं होतं. त्यानंतर आदिनाथ कोरियन मालिकांकडे वळला. ही त्याची कलात्मक प्रगती. नव्या अल्बममध्ये एका नायिकेचं मौन होतं आणि मौनात अधूनमधून पियानो. अल्बम त्याने ‘शेवगावच्या अनोळखी मित्रास’ अर्पण केला. मित्राने तो उघडलासुद्धा नाही.

म्हणून आज तो मित्राला शोधायला शेवगावला आला होता. ओळख पटावी म्हणून रोबोचा टी-शर्ट घालून दिवसभर कॉलेजच्या कँटीनमध्ये बसला. एका मुलाने त्याच्याकडे दोन चहा मागितले. दिवस कलल्यावर तो गावाबाहेर, आत्याच्या वस्तीवर मुक्कामाला गेला.

गोठ्यात आतेभाऊ गोरक्ष धारेला बसत होता. त्याने खांबाला सुतळीने बांधलेल्या मोबाईलवर बोट ठेवलं आणि चंद्रावरचा शेवटचा रोबो सुरू झाला.

आदिनाथ दारातच थांबला.

“दादा, हे गाणं...”

“बोलू नको. सोडू दे तिला.”

बांडी गाय कान पाडून उभी होती. रोबोची बॅटरी संपते, त्या जागी गाण्यात एक लांब, खोल घूंघूं आहे. त्या घूंघूंवर आदिनाथने उभा पावसाळा घालवला होता. ती सुरू झाली आणि बांडीने पान्हा सोडला. बादलीत धारा वाजू लागल्या.

“मागं फॅमिली ग्रुपवर कायतरी आल्तं,” गोरक्ष आता सैल होऊन म्हणाला. “शेनाचं बोट लागलं आन् हे चालू झालं. तवापासून ह्याच्याबिगर थेंब देत न्हाई. लई नखऱ्याची.”

“ते मीच पाठवलं होतं. माझं गाणं आहे ते.”

“तुजं व्हय?” गोरक्षने पहिल्यांदा मान वळवली. “मला वाटलं, कुनीतरी इहिरीवरची मोटार रेकॉर्ड केली.”

वडिलांशी बोलताना आपण ‘माणूस’ असं म्हणालो होतो, हे आदिनाथला आठवलं. पण कलावंतच तो. म्हणाला, “माझं नवीन आलंय. ते लावलंस का कधी? जास्त प्रगल्भ आहे.”

“लाव की मग.”

आदिनाथने पुढे होऊन कोरियन मौन लावलं. बांडीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. धार तुटली. पियानोचा पहिला सूर पडला, तशी तिने बादलीला लाथ घातली.

“बंद करा रं ते!” ओसरीवरून आत्या बनुबाई ओरडल्या. “कुनी मेलंय का घरात?”

गोरक्षने बादली सावरली, रोबो पुन्हा लावला, हात धोतराच्या फडक्याला पुसले.

“बरं झालं आलास पर. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात हिला न्यायची हाय. इकायला.”

“इतकं दूध देते, आणि विकतोयस कशाला?”

“गानं लागतं म्हनून.”

आदिनाथ टी-शर्टवरची सुरकुती नीट करू लागला.

“आता गिऱ्हाईक म्हननार, धार काढून दाखवा,” गोरक्ष म्हणाला. “तिथं मोबाईल लावला, की समद्यास्नी कळंल हिला खोड हाय. भाव पडंल. तू संगं चल. टेम्पोत जागा हाय. हिच्या कानाशी उभा ऱ्हा आन् तोंडानं त्येवढं घूंघूं कर. हळू. दुसऱ्या कुनाला ऐकू जाता कामा न्हाई.”

आदिनाथला आजवर गायला कुणी बोलावलं नव्हतं. गणपतीतही नाही. तो बांडीकडे बघत राहिला. ती डोळे अर्धे मिटून ऐकत होती. इतकं मन लावून त्याचं गाणं ऐकताना त्याने कुणाला पाहिलं नव्हतं. स्वतःच्या आईलाही नाही.

“शेवटी थोडा आलाप घेतला तर?” त्याने विचारलं.

“काय बी घेऊ नको.”

शुक्रवारी आदिनाथ घोडेगावच्या बाजारात गायला. रोबोच्या टी-शर्टला इस्त्री होती. बांडीने चार लोकांदेखत बादली भरली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने तिला सोडवून नेलं.

त्याच्याकडे धार मशीनने काढतात, आणि मशीन घूंघूं करतं.