बघून येतो

"ऑपरेशन केलं, तर किती वर्षं मिळतील?" द्वारकाबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"कॅन्सर यकृतातच आहे, पसरलेला नाही. गाठ काढली तर साधारण तीन वर्षं. नुसत्या गोळ्यांवर त्याहून कमी."

"तीनच? पाच करा की!"

शेजारी बसलेल्या उज्ज्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुगड्यापासून लसणीपर्यंत आईने जन्मभर घासाघीस केली होती, पण इथेही?

डॉक्टर हसले. "आजी, वाढवून सांगणं माझ्या हातात नाही."

"मग बघून येतो," म्हणत द्वारकाबाई उठल्यासुद्धा.

उज्ज्वला लगबगीने मागोमाग निघाली. परवा एका वैद्यबुवांकडूनही आई अशीच उठली होती. बुवा पायरीपर्यंत धावत आले आणि उभ्या उभ्या पाचाची दहा वर्षं करून काढा द्यायला निघाले. आईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आताही द्वारकाबाई एक कान मागे ठेवून रमतगमत चालत होत्या. लिफ्ट आली, रिकामीच गेली. मागून हाक काही आली नाही.

"आई, आता आणखी कुठे बघायचं गं?" उज्ज्वला रडकुंडीला आली.

"कुठे कशाला? याने हाक मारली नाही, म्हणजे माल खरा." द्वारकाबाई मागे वळल्या. "चल, ऑपरेशनची तारीख घेऊ. तीन तर तीन. वर कोथिंबिरीच्या चार काड्या घालायच्या, त्या देव घालील."