मास्तरांची तोंडी परीक्षा

सिस्टरने मास्तरांच्या बाहीतून चिठ्ठी ओढून काढली आणि टेबलावर उलगडून ठेवली.

एकतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पायमोजे, कंपासपेट्या, एकदा तर हाताचं प्लास्टर, कुठून कुठून त्यांनी चिठ्ठ्या बाहेर काढल्या होत्या! पोराला वर्गासमोर उभं करून विचारायचे, "लाज वाटते का?" आज स्वतः मान खाली घालून बसले होते. सिस्टरने लाज काढली नाही, ही तिची मेहेरबानी.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. "तुमचं?"

"हिचं."

ही, म्हणजे मास्तरीणबाई, शेजारच्या खुर्चीत डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या आणि मास्कच्या आत खुदुखुदु हसत होत्या. रक्ताचा कॅन्सर त्यांना, औषधांनी केस गेले ते त्यांचे, आणि नवऱ्याला कॉपी पुरवायचं कामही त्यांच्याकडेच.

सोमवारी बाईंना काचेच्या खोलीत नेऊन धाकट्या भावाच्या मूळपेशी द्यायच्या होत्या. पुढे घरी गेल्यावर शंभर दिवस त्यांना जपायला एक जाणता माणूस हवा होता. तसा माणूस आहे याची खात्री पटल्याशिवाय सिस्टर तारीख पक्की करत नसे. खोली मग रांगेतल्या पुढच्या पेशंटला जाई. आणि बाई थांबू शकत होत्या, आजार थांबणार नव्हता. घरात दुसरा माणूस एकच होता. तो जाणता किती, ते आता उजेडात येत होतं.

"चिठ्ठी राहू द्या. सांगा, ताप शंभरच्या वर गेला तर काय करायचं?"

मास्तरांनी सवयीने शेजारी पाहिलं. "हिला विचारेन."

बाई आता मोठ्यानेच हसल्या. त्यांना काय नवीन होतं? टॉवेल कुठे आहे, आपण चहात साखर किती घेतो, मोठ्या साडूंचं नाव काय, मास्तर सगळं त्यांनाच विचारत आले होते. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नातेवाइकाला काही आजार?' असा रकाना आला, तेव्हाही पेन थांबवून म्हणाले होते, "अगं, मला काही आहे का गं?"

"आणि त्या ग्लानीत असल्या तर?" सिस्टरने विचारलं. "तेव्हा कुणाला विचाराल?"

बाईंचं हसू थांबलं. मास्तरांनी रिकामी बाही चाचपली. पहिल्यांदाच ते खरोखर घाबरले.

"उद्या चार वाजता या. एकटेच. ही शेवटची संधी."

बाहेर आल्यावर बाईंनी पिशवीतून एक जाडजूड वही काढून त्यांच्या हातात ठेवली. "सगळं लिहिलंय. घोकू नका, समजून घ्या. पोरांना हेच सांगायचात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मास्तर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ओठ हलवत बसले. त्यांच्या दोन चहांवर साय धरली. कुठली गोळी उपाशीपोटी, कुठली जेवल्यावर, पाणी किती वेळ उकळायचं, पाहुण्यांना दारातूनच कसं वाटेला लावायचं, सारं वहीत होतं. दुपारी ते शेवटच्या पानावर आले. वर लिहिलं होतं, 'मी परत आले नाही तर'. खाली नेटके आकडे घातले होते. जादा किल्ल्या कुठे. विजेची बिलं कुठल्या खणात. स्वेटर कुठे. सातव्या आकड्यापुढे होतं, 'दुसरी करायची झाल्यास तिला आधीच सांगा, की तुम्हाला टॉवेल सापडत नाही.'

मास्तरांना रडू आलं. कॅन्टीनभर माणसं होती, तरी ते रडले. मग डोळे पुसून त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं.

चार वाजता सिस्टरने अर्धा तास त्यांना उलटसुलट विचारलं. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार त्यांनीच किलकिलं ठेवायला लावलं होतं.

"ताप शंभरच्या वर?"

"मनाने गोळी द्यायची नाही. सकाळची वाट बघायची नाही. लगेच वॉर्डला फोन, आणि फोन ठेवायच्या आत पायात चपला."

सिस्टर हसली. कागदावर सही करून तिने सोमवारची तारीख घातली. मग सहज वही चाळता चाळता शेवटच्या पानावर थांबली. वरची ओळ तिने वाचलीच नाही.

"आणि हे? किल्ल्या, बिलं, स्वेटर... हे केलंत का?"

मास्तरांनी वही तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"नाही. ते ऑप्शनला टाकलंय," ते म्हणाले, आणि दाराबाहेर ऐकू जाईल अशा खणखणीत, वर्गातल्या आवाजात पुढे म्हणाले, "ते मी हिलाच विचारणार."