वाकल्यावर

लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून तुळसी हनुवटी वर करून बघू लागली. सासूला, अंबूताईंना, तो माज वाटला. दर एकादशीला चामराजपुरमच्या देवळात त्या साऱ्या बायकांदेखत तिची मान हातानं खाली दाबायच्या. "देवापुढं तरी वाक की गं! राजवाड्यातली महाराणी लागून गेलीस काय?" बायका हसायच्या. तुळसी मुकाट वाकायची आणि उतरताना पायरीवर ठेचकाळायची.

मग मोठ्या डॉक्टरांनी दुखणं ओळखलं. स्नायू दुबळे झाल्यामुळं तिच्या पापण्या आपोआप मिटत होत्या. राहिलेल्या फटीतून दिसावं म्हणून ती मान वर करत होती. चष्मेवाल्यानं फ्रेमला आतून बारीक तार लावून दिली, पापण्या उचलून धरायला.

पुढच्या एकादशीला तो चष्मा घालून तुळसी आपणहून वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

"अत्ते, नोडी नोडी, बघा की!" ती हरखून सासूला म्हणाली. "आज पाय दिसले विठोबाचे. इतके दिवस वाकलं की नुसता अंधार व्हायचा."

अंबूताईंनी आपला उजवा हात हळूच पदराखाली घेतला.