कॅनडाची सात नंबर

"हात मिळवताना हसायचं. पण मराठीचा चकार शब्द काढायचा न्हाय," रावसाहेब सरांनी पुन्हा एकदा बजावलं. "परदेशी टीमपुढं गावठी दिसू नगा. फक्त इंग्लिश. कम ऑन, गुड, थँक्यू. बास!"

मोडनिंबच्या सातही पोरींनी माना डोलावल्या. प्रतिक्षानं ओठातल्या ओठात 'थँक्यू' म्हणून पाहिलं.

सोलापूरचं ते मैदान खचाखच भरलं होतं. वर बैलगाडीएवढा फलक होता, 'आंतरराष्ट्रीय महिला कबड्डी स्पर्धा'. त्यावर झेंडेच झेंडे. टीम मात्र एकजात आसपासच्या तालुक्यांतल्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं लोक दोन दिवस कुजबुजत होते. फायनलला कॅनडा आहे म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद झाली. ज्या केमच्या पोरी मोडनिंबला दरवर्षी धूळ चारायच्या, त्यांना सकाळीच कॅनडानं लोळवलं होतं. केमवाल्या मिळेल त्या गाडीनं घरी निघूनही गेल्या होत्या.

"आपल्यासारख्याच दिसत्यात की वो सर," प्रतिक्षा समोर बघत म्हणाली.

"अगं, कॅनडात निम्मे आपलेच लोक. पंजाबातनं गेलेले," सर म्हणाले. सरांना जगाची माहिती फार.

प्रतिक्षाची नजर राहून राहून तिच्या बापाकडे जात होती. यशपाल पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसला होता. पुढच्या सोमवारी प्रतिक्षाला पुण्याला मावशीकडे पाठवायचं आणि कंपनीत चिकटवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आज फायनलचं कळल्यावर सरांसमोर तो एवढंच म्हणाला होता, "गल्लीतली कबड्डी लई झाली. त्या कानडाच्या पोरी लोळवून दाव. मग एक वर्स मी आडवा येनार न्हाय. न्हायतर बूट माळ्यावर."

"कॅनडा, यशपाल, कॅनडा," सरांनी तेव्हा सुधारलं होतं.

"त्येच की वो," यशपाल म्हणाला होता.

भोंग्यावर पुकारा झाला, "एमकेसी विरुद्ध कानडा!" पुकारणाऱ्यालाही बापासारखंच कॅनडा म्हणता येत नव्हतं. एमकेसी म्हणजे मोडनिंब कबड्डी क्लब. मोडनिंब म्हटलं तर कॅनडावाल्या हसतील, म्हणून सरांनी जर्सीवरही तेवढीच तीन अक्षरं छापून घेतली होती.

दोन्ही टीम समोरासमोर उभ्या राहिल्या. प्रतिक्षासमोर आली सात नंबर. उंच, काटक, कपाळावर घाम.

"हाऊ आर यू?" प्रतिक्षानं धीर करून विचारलं.

"आय अ‍ॅम फाइन, थँक्यू," सात नंबर म्हणाली. अगदी पाचवीच्या वर्गात सगळे मिळून म्हणायचे त्याच चालीत. कॅनडाचं इंग्लिश इतकं सोपं असेल असं प्रतिक्षाला वाटलं नव्हतं.

सामना सुरू झाला आणि मोडनिंबच्या तोंडचं पाणी पळालं. सात नंबर वाऱ्यासारखी यायची, एकीला शिवून परत जायची. बघता बघता अख्खी मोडनिंब बाद झाली, लोण चढला. लोक हळहळले. यशपालनं घड्याळ बघितलं. त्याचं ते घड्याळ बघणं प्रतिक्षाच्या काळजात घुसलं.

मध्यंतरानंतर ती इरेला पेटली. डाव्या कोपऱ्यातून तिनं एकीचा घोटा धरला, मग दुसरीचा. "कम ऑन! गुड!" पोरी बोंबलत होत्या. गुण चढत गेले. पब्लिक उठून उभं राहिलं, शिट्ट्यांनी कान बधिर झाले. गर्दीत कॅनडाची एक पोरगी "हिडी, हिडी!" असं काहीतरी ओरडली, तशी तिच्या सरांनी डोळे वटारून तिला गप्प केलं.

"पंजाबी," रावसाहेब सर म्हणाले.

शेवटी गुण बरोबरीत आले आणि एकच चढाई उरली. कॅनडाची. अर्थात सात नंबर आली.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." ती थेट डाव्या कोपऱ्यावर झेपावली, प्रतिक्षाच्या खांद्याला शिवली आणि गिरकी घेऊन सुटली. प्रतिक्षानं स्वतःला मॅटवर झोकून दिलं. हातात घोटा आला. मध्यरेषा वीतभर राहिली होती. सात नंबर बोटं लांबवत होती, प्रतिक्षा तिच्यामागे फरफटत होती. कोपर सोलवटलं, पण पकड सुटली नाही. मग बाकीच्या पोरी धबाधब अंगावर येऊन पडल्या आणि शिट्टी झाली.

मोडनिंबनं एका गुणानं कॅनडाला हरवलं होतं!

फटाके फुटले. सरांचा चष्मा कुठे पडला ते सरांनाच कळलं नाही. यशपाल, जन्मात कधी न नाचलेला यशपाल, खुर्चीवर उभा राहून टोपी फिरवत होता. "खेळ बाय! कितीबी वर्सं खेळ!" तो ओरडला. प्रतिक्षाला हसू आणि रडू एकदमच आलं. आजच्याइतकी खूश ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

सात नंबर अजून रेषेजवळच बसून होती. प्रतिक्षानं तिला हात दिला आणि उठवलं. तिचे डोळे सुजले होते. तिनं प्रतिक्षाचा हात घट्ट धरून ठेवला आणि ती शेजारी उभ्या असलेल्या पंचबाईंकडे वळली.

"बाई, हिला हिच्या भाषेत सांगा की," ती हुंदके देत म्हणाली. "आमी अक्कलकोटाकडच्या कानडी पोरी, आमाला कुटलं इंग्लिश येतंय? हिला म्हनावं, तू लई भारी खेळलीस. माजा खेळ आजपास्नं बंद झाला. पन तुजं बरं हाय म्हनावं. तुमच्या देशात पोरींना खेळू देत्यात."