लाल पट्टी

"पट्टी कुठंय तुझी?"

शिपाई प्रॉसरनं बंदूक रोखली. धुक्यातून वाटाड्या मागेमा वाकून येत होता आणि त्याचं कपाळ उघडं होतं. गोरी पलटण आफ्रिकेतल्या झुलूंशी लढत होती, पण तिचे स्थानिक काळे वाटाडेही गोऱ्यांना झुलूंसारखेच दिसत. म्हणून सार्जंटचा हुकूम होता : कपाळाला लाल पट्टी असेल तो आपला, नसेल त्याला गोळी.

"साहेब, मी मागेमा!"

काल तो पलटणीतल्या ह्यूजबरोबर टेहळणीला गेला होता. आता ह्यूज दिसत नव्हता. मागेमाच्या खांद्यांवरून पलटणीच्या लाल कोटाच्या बाह्या लोंबत होत्या. मेलेल्या शिपायांचे कोट झुलू अंगात घालतात, हे प्रॉसरनं पाहिलं होतं.

"कोट कुणाचा?"

"साहेब, तुमच्याच—"

गोळी सुटली. मागेमा कोसळला.

त्याच्या पाठीवरचा कोट कण्हला. "गाढवा, मी आहे यात!"

ह्यूज जिवंत होता. त्याच्या फुटलेल्या मांडीवर मागेमाची लाल पट्टी करकचून आवळली होती.

"कोण पडलं रे?" धुक्यातून सार्जंट ओरडला. "पट्टी आहे का त्याला?"

प्रॉसरनं बंदूक खाली ठेवली. ह्यूजनं मांडीची गाठ सोडली, रक्त वाहू दिलं आणि पट्टी मागेमाच्या कपाळाला बांधली.

"आहे," तो म्हणाला.